दोष मानेचा, डाग कमरेला

गोष्ट १९६९ सालची. आमच्या तालुक्याच्या गांवीं तेव्हां स्टेशनापासून पेठेपर्यंत टांगे चालत. त्यांपैकीं एका टांगेवाल्यापाशीं कुमाईत रंगाचा एक तरणा घोडा होता. टांगेवाल्यास आम्ही मुलें चाचा म्हणत असूं, आणि त्याच्या घोड्याचा आम्हांस चाचाहूनही अधिक लळा होता. त्या वर्षीं पावसाळा सरतां सरतां घोड्याची चाल बिघडली. सरळ रस्त्यावर तो बरा चाले; पण वळण आलें कीं त्याचा मागला भाग एका अंगास झुके, मागला एक पाय दुसऱ्यावर पडे आणि खुराचें टोंक रस्त्यावर घासत जाई. दारू प्यायलेल्या माणसासारखी ती चाल पाहून आम्ही मुलें प्रथम हंसलों, ही गोष्ट आज सांगतांना लाज वाटते. चाचानें घोड्याच्या कमरेवरून हात फिरविला आणि एकच शब्द उच्चारला, "कमरी!"

दुसऱ्या दिवशीं एक म्हातारा जाणकार आला. त्यानें लोखंडी सळई तापवून लाल केली आणि घोड्याच्या कमरेवर, कण्याच्या दोन्ही अंगांस, तीन तीन डाग दिले. जळक्या केसांचा वास आमच्या आळींत दिवसभर राहिला. घोड्यास गुण आला नाहीं. दिवाळीच्या सुमारास नदीच्या उतारावर तो बसला, तो पुन्हां आपल्या बळावर उठला नाहीं. त्याचें पुढें काय झालें हें आम्हां मुलांना कोणीं सांगितलें नाहीं. दुसरा घोडा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून चाचा स्टेशनावर हमाली करूं लागला.

मी पुढें मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों. इतिहास आणि चित्रकला हे माझे विषय. वैद्यकाचा मला अधिकार नाहीं. परंतु इतिहास शिकविणाऱ्यास एक खोड जडते. कोणीं कांहीं केलें कीं तें त्यानें कां केलें, याचा शोध घेतल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. त्या म्हाताऱ्यानें डाग कमरेलाच कां दिले? कारण मागले पाय लटपटत होते. मागले पाय लटपटतात, त्या अर्थीं दोष कमरेंत, हा तर्क इतका सरळ आहे कीं तो चुकीचा असूं शकेल ही शंका शेंकडों वर्षें फारशी कोणास आली नाहीं. या चुकीचा इतिहास आज सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दच पाहा. कमर म्हणजे कंबर, तिच्यावरून कमरी. हिंदुस्थानांत आलेल्या इंग्रजी फौजेच्या अश्ववैद्यांनीं हा देशी शब्द जसाच्या तसा उचलला आणि आपल्या ग्रंथांत 'कुमरी' या नांवानें दाखल केला. ब्रह्मदेशांत व सिलोनांत तो त्यांच्याबरोबरच गेला. गंमत अशी कीं दूर जपानांत शेळ्यामेंढ्यांना होणाऱ्या अशाच एका रोगास तेथील लोकही कमरेचा लकवा अशाच अर्थाचा शब्द वापरीत. दोन देशांनीं एकमेकांस न विचारतां एकाच जागेवर बोट ठेविलें. नांव एकदां पडलें म्हणजे मनुष्य नांवाकडे पाहूं लागतो, आणि जनावराकडे पाहण्याचें राहून जातें.

आमच्याकडे अश्वविद्या थोडी जुनी नाहीं. शालिहोत्र ऋषीच्या नांवावर सांगितला जाणारा ग्रंथ, नकुलाच्या नांवावर चालणारी अश्वचिकित्सा, जयदत्ताचें अश्ववैद्यक, ही परंपरा प्रसिद्धच आहे. शालिहोत्राच्या नांवावरूनच घोड्यांच्या वैद्यास सालोत्री म्हणूं लागले. या ग्रंथांनीं घोड्याचे रंग, भोंवरे, दांतांवरून वय, चाली, चारा, ऋतुचर्या यांचें बारीक वर्णन केलें आहे, आणि रोगांची मांडणी वात, पित्त व कफ या दोषांवर केली आहे. घोड्याच्या सवयी ओळखण्यांत सालोत्री कोणास हार जाणारे नव्हते. परंतु मेलेल्या घोड्याची मान चिरून आंतील हाडें व त्यांच्या पोटांतील मज्जा पाहण्याची रीत त्यांच्यांत पडली नाहीं. बाहेरून जें दिसे त्यावर त्यांची भिस्त. आणि बाहेरून तर कंबरच हलतांना दिसे.

आतां ती मान आंतून कशी आहे तें पाहूं. घोड्याच्या मानेंत सात मणके असतात. माणसाच्या मानेंत सात, उंदराच्या मानेंत सात, आणि जिराफाच्या एवढ्या लांब मानेंतही सातच. पहिल्या मणक्यास दोन्ही बाजूंस पंखासारखे पसरट भाग असतात. त्याच्यावर डोकें वरखालीं हलतें, म्हणजे घोडा 'होय' म्हणतो तो या सांध्यानें. दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोंवतीं पहिला फिरतो. 'नाहीं' म्हणण्याचा सांधा तो. तेथून खालीं प्रत्येक मणक्याचें पुढलें टोंक गोलसर आणि मागलें टोंक वाटीसारखें खोलगट असतें, आणि एकाचा गोल दुसऱ्याच्या वाटींत बसतो. शिवाय वरच्या अंगास डावीउजवीकडे एकेक चपटा लांबट सांधा असतो. घोड्याच्या मानेंतले हे सांधे चांगले मोठे असतात. या साऱ्या मणक्यांच्या मधून एक नळी जाते आणि त्या नळींतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जु, अवघा बोटाएवढा जाड, थेट पाठीकडे जातो. एवढ्या मोठ्या जनावराच्या चारही पायांचा कारभार त्या बोटभर दोरीवर चालतो.

येथें मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. शाळेंत फळ्यावर घोड्याचा सांगाडा काढतांना मी मानेचे मणके आयाळीच्या कडेकडेनें काढीत असें. वर्षानुवर्षें मुलांनीं तेंच उतरवून घेतलें. पुढें एका ग्रंथालयांत जॉर्ज स्टब्ज याचीं चित्रें पाहावयास मिळालीं आणि माझे डोळे उघडले. आयाळीखालीं हाड नसतेंच. तेथें टाळूपासून पाठीच्या उंचवट्यापर्यंत ताणलेला एक जाड, लवचिक बंध असतो आणि त्याच्याभोंवतीं मांस व चरबी. मणक्यांची रांग डोक्यामागून निघून उतरत जाते, आणि छातीजवळ पोंचेपर्यंत ती मानेच्या खालच्या कडेपाशीं आलेली असते; तेथें वळण घेऊन ती दोन्ही खांद्यांच्या मध्यें शिरते. शेवटचे दोन मणके खांद्याच्या मांसाखालीं इतके खोल गाडलेले असतात कीं हातास लागत नाहींत. जी जागा बिघडते ती बोटानें चांचपतां येत नाहीं, हें या रोगाच्या इतिहासांतलें एक मोठें विघ्न.

दुसरें विघ्न मज्जारज्जूच्या रचनेंत आहे. हा रज्जु म्हणजे तंतूंचें जुडगें. मागल्या पायांची स्थिति मेंदूस कळविणारे तंतू या जुडग्याच्या बाहेरच्या कडेनें धांवतात. मानेंत कोठें दाब आला कीं प्रथम चेंगरतात ते हे कडेचे तंतू. म्हणून दोष मानेंत, आणि लटपटतात मागले पाय. पुढले पाय बिघडलेच तरी बहुधा मागल्यांपेक्षां कमी बिघडतात. त्यांतून पुष्कळदां मानेंत दुखत असल्याचें लक्षणही घोडा दाखवीत नाहीं. पाय कोठें पडला याची खबरच मेंदूस नीट पोंचत नाहीं. मग तो पाय भलत्याच जागीं पडतो, उशीरां उचलला जातो, वळतांना बाहेर फेंकला जातो. चाचाच्या घोड्याचें नेमकें हेंच होत होतें. त्याच्या पायांत बळ नव्हतें असें नव्हे. त्याला आपले पाय सांपडत नव्हते.

मग हाडांची ही रचना युरोपांत तरी केव्हां कळली? फार पूर्वीं. इटलींतील बोलोन्या शहरीं कार्लो रुइनी नांवाचा एक धनिक सिनेटर होता. वैद्य नव्हे, शल्यविशारद नव्हे. घोड्यांचा शौकीन गृहस्थ. त्यानें घोड्याच्या शरीररचनेवर आणि रोगांवर एक भव्य ग्रंथ रचला. तो १५९८ सालीं छापला गेला आणि त्याच वर्षीं रुइनी वारला. एकाच जनावरास वाहिलेला असा सचित्र शरीरग्रंथ पूर्वीं झाला नव्हता. त्यांतील लांकडी ठशांचीं चित्रें पुढें शंभर वर्षें लोक उचलीत राहिले. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजाचा अश्ववैद्य अँड्र्यू स्नेप यानेंही १६८३ च्या आपल्या पुस्तकांत त्यांवरच हात मारला. चोरी कशास म्हणावें आणि ऋण कशास, हा प्रश्न त्या काळीं फारसा कोणास पडत नसे.

स्टब्जची गोष्ट याहून निराळी आहे. हा लिव्हरपूलच्या एका कातडें कमावणाऱ्याचा मुलगा. घोडा काढावयाचा तर तो आंतून पाहिला पाहिजे, या हट्टानें तो १७५६ च्या सुमारास लिंकनशायरमधील हॉर्कस्टो या खेड्यांत एका एकाकी घरांत जाऊन राहिला. मेरी स्पेन्सर ही त्याची सहचारिणी तेवढी सोबतीस. छपराला आंकडे लावून त्यानें मेलेले घोडे उभ्या स्थितींत टांगले, शिरांत चरबी भरून त्या फुगविल्या, आणि कातडें, मग मांसाचा एकेक थर, मग हाडें, असा क्रमाक्रमानें घोडा सोलीत चित्रें काढलीं. एक घोडा तर अकरा आठवडे टांगलेला होता असें सांगतात. त्या घरांतल्या दुर्गंधीची कल्पना श्रोत्यांनीं स्वतःच करावी. हा उद्योग दीड वर्ष चालला. ताम्रपटावर हीं चित्रें कोरून देण्यास कोणी कारागीर तयार होईना, तेव्हां त्यानें स्वतःच तीं कोरलीं; १७६६ सालीं अठरा चित्रांचें पुस्तक बाहेर आलें. आज अडीचशें वर्षांनंतरही त्या मानेंत बोट ठेवण्याजोगी चूक काढणें कठीण.

त्याच सुमारास पशुवैद्यकाच्या शाळा निघाल्या. फ्रान्समध्यें क्लोद बुर्जेला यास १७६१ सालीं राजाज्ञा मिळाली आणि लियों येथें १७६२ सालीं पहिली शाळा उघडली. तेथें तयार झालेल्या सेंबेल यानें इंग्लंडांत येऊन, शर्यतींत कधींच न हरलेल्या एक्लिप्स घोड्याचें शव १७८९ सालीं चिरलें. त्याचा वेग हाडांच्या मापांत शोधण्याचा तो यत्न होता. दोन वर्षांनीं लंडनची शाळा निघाली तेव्हां पहिला अध्यापक तोच झाला. आमच्या मुंबईंत परळास पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघावयास १८८६ साल उजाडलें.

म्हणजे पाहा: हाडें कळलीं १५९८ सालीं, निर्दोष चित्रें झालीं १७६६ सालीं, शाळा निघाल्या, महाविद्यालयें निघालीं, तरी लटपटणाऱ्या घोड्याच्या मानेकडे बोट दाखवावयास विसावें शतक अर्धें होत आलें. असें कां व्हावें? याचा मीं पुष्कळ विचार केला. मला वाटतें, रुइनीनें आणि स्टब्जनें पाहिली ती निश्चळ मान. टांगलेल्या घोड्याची मान वांकत नाहीं. या रोगाचा तरुण घोड्यांत आढळणारा प्रकार तर असा आहे कीं मान सरळ असेपर्यंत नळी पुरेशी मोकळी असते. घोड्यानें मान वांकविली कीं तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पांचव्या मणक्याच्या सांध्यापाशीं ती अरुंद होते आणि आंतला रज्जु चिमटला जातो. मान सरळ केली कीं चिमटा सुटतो. वाळलेल्या हाडांत हा चिमटा कसा दिसावा? दुसरा प्रकार वयस्क घोड्यांचा. त्यांत मानेच्या तळाशीं, पांचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या दरम्यान, सांधे संधिवातानें सुजून जाड होतात आणि नळीवर कायमचा दाब आणतात. हा दाब हाडांत दिसला असता; पण तो शोधावयाचा तर खांद्यांमध्यें रुतलेले मणके काढून करवतीनें एकेक उघडावे लागतात. मेलेल्या घोड्यापायीं एवढी मेहनत कोण करणार? घोडा निकामी झाला, गोळी घातली, हिशेब मिटला.

हिशेब न मिटूं देणारीं माणसें अखेर अमेरिकेंत केंटकी प्रांतीं निघालीं. तो सारा मुलूख शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा. तेथील उमदीं शिंगरें, बहुधा नर, चांगल्या दाण्यावर वाढलेलीं, झपाट्यानें उंच होणारीं, सहा महिन्यांपासून दोनतीन वर्षांपर्यंतच्या वयांत एकाएकीं डुलूं लागत. तेथले लोक अशा घोड्यास 'वॉब्लर' म्हणजे डुलणारा म्हणत. या नांवाची मला विशेष गोडी वाटते. कारण दोष कोठें आहे याविषयीं तें कांहींच बोलत नाहीं. लेक्सिंग्टनच्या विद्यापीठांतील डिमॉक आणि एरिंग्टन या दोघांनीं अशा शिंगरांचीं शवें तपासलीं आणि १९३९ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. मानेच्या मणक्यांत रज्जु दाबला गेल्याच्या खुणा त्यांनीं दाखविल्या. कमरेवरचें आळ त्या घोड्यांपुरतें तरी त्या दिवशीं फिटलें.

तथापि डिमॉक यांच्या हातूनही पुढें एक घाई झाली असें मला वाटतें. हा रोग आनुवंशिक आहे असें त्यांनीं १९५० सालीं प्रतिपादिलें. त्या मुलुखांत घोड्याच्या रक्तावर संशय घेणें म्हणजे घराण्याच्या अब्रूवर संशय घेण्यासारखें. पुढें रोगी नर व रोगी माद्या मुद्दाम एकत्र आणून शिंगरें निपजविलीं गेलीं, तीं डुलणारीं निघालीं नाहींत. सांध्यांचे इतर दोष मात्र त्यांच्यांत दिसले. आजचें मत असें कीं रक्ताचा थोडा भाग, अति जलद वाढ, खाद्यांतील तांब्यासारख्या द्रव्यांचा बिघडलेला तोल, एखादी दुखापत, अशीं अनेक कारणें मिळून हा दोष घडतो. ज्या शिंगरास मालकानें सर्वांत मायेनें चारलें, त्यालाच पुष्कळदां हा रोग गांठतो, ही त्यांतली दुःखाची गोष्ट.

आतां आमच्या कमरीचें काय? ती मानेच्या मणक्यांची व्याधि होती काय? येथें एक निराळेंच रहस्य बाहेर आलें. जपानांतल्या त्या कमरेच्या लकव्याचा शोध घेतां घेतां तेथील शोहो आणि मज्जासंस्थेच्या रोगांचे जाणते इनेस यांना असें आढळलें कीं जनावराच्या मज्जेंत एक सूक्ष्म कृमि हिंडत असतो. हा कृमि मूळचा गाईबैलांचा. त्यांच्या पोटाच्या पोकळींत तो सुखानें राहतो आणि त्यांना उपद्रव देत नाहीं. डांस त्याचीं पिलें एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. तो शेळी, मेंढी किंवा घोडा अशा परक्या घरीं पोंचला म्हणजे वाट चुकतो आणि मेंदूंत किंवा मज्जारज्जूंत शिरून मार्ग कोरीत जातो. १९५५ सालीं इनेस व पिल्ले यांनीं सिलोनांतील घोडे तपासून, हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील कुमरी ती हीच, असें जाहीर केलें. म्हणजे कमरी हें नांव लटपटणाऱ्या सर्व घोड्यांना लागत आलें, पण त्याच्याखालीं निदान दोन निरनिराळे शत्रू लपले होते: एक मानेंतला चिमटा आणि दुसरा मज्जेंतला कृमि. डाग देऊन दोहोंपैकीं एकही हटणारा नव्हता.

चाचाच्या घोड्यास या दोहोंपैकीं काय झालें होतें? घोडा तरणा होता, हें मानेच्या बाजूनें बोलतें. पण दिवस पावसाळ्याच्या अखेरचे, डांसांचा सुकाळ, आणि तबेल्यास लागूनच गवळ्याचा गोठा. हें कृमीच्या बाजूनें बोलतें. साक्ष दोन्हींकडची आहे, आणि ज्या हाडांवरून निवाडा व्हावयाचा तीं कोठें गेलीं याचा पत्ता नाहीं. १९६९ सालीं हे दोन्ही शोध छापून होऊन चौदा आणि तीस वर्षें लोटलीं होतीं. आमच्या गांवापर्यंत त्यांपैकीं एकही पोंचला नव्हता. त्या म्हाताऱ्यास मी बोल लावीत नाहीं. त्याच्यापाशीं सळई होती, ती त्यानें वापरली.

जिवंत घोड्याच्या मानेंत पाहण्याची सोय क्ष-किरणांनीं केली. हे किरण रोंटगेन यांस १८९५ सालीं सांपडले. पण घोड्याच्या खांद्याची जाडी भेदून चांगलें चित्र उमटविणें हें मोठ्या यंत्राचें काम. १९७० नंतरच्या दशकांत घोड्यास भूल देऊन, डोक्याच्या मागून रज्जूभोंवतालच्या पोकळींत क्ष-किरणांस अडविणारें द्रव भरून, मान सरळ, खालीं वांकविलेली आणि वर उचललेली अशा तीन स्थितींत चित्रें घेण्याची पद्धति रूढ झाली. द्रवाची रेघ जेथें तुटे तेथें चिमटा. कॉर्नेल विद्यापीठांत मेह्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं घोड्याच्या मज्जारज्जूच्या रोगांवर मोठा प्रबंध लिहिला आणि चालींतील बिघाडास शून्यापासून पांचापर्यंत पायऱ्या लावून दिल्या. आजही पशुवैद्य घोड्यास लहान वर्तुळांत फिरवितात, मागें सरकवितात, डोकें उंच धरून उतारावर चालवितात, चालतांना शेपूट धरून एका बाजूस ओढतात, आणि मग पायरी ठरवितात. निरोगी घोडा शेपटीचा ओढा परतवितो. रोगी घोडा ओढ्याबरोबर जातो. याला यंत्र लागत नाहीं. आमच्या सालोत्र्यांस कोणीं सांगितलें असतें तर त्यांनींही हें सहज केलें असतें.

दोष सांपडला, उपाय काय? तो माणसाच्या दवाखान्यांतून आला. होनोलुलूचे शल्यवैद्य क्लावर्ड यांनीं माणसाच्या मानेचे दोन मणके पुढच्या बाजूनें, म्हणजे गळ्याकडून, हाडाचा तुकडा बसवून एकजीव करण्याची आपली पद्धति १९५८ सालीं प्रसिद्ध केली. हलणारा सांधा जोडून टाकला कीं चिमटा बसणें थांबतें. वॉशिंग्टन प्रांतांतील जॉर्ज बॅग्बी हे माणसांच्या हाडांचे वैद्य. तेथील विद्यापीठाचे पशुवैद्य ग्रँट आणि वॅग्नर यांच्याबरोबर त्यांनीं हा उपाय घोड्यावर करावयाचें मनांत आणलें. अडचण अशी कीं हाडाचा तुकडा घोड्याच्या ढुंगणाच्या हाडांतून काढावा तर ती जखमच जड होते. भुलेंतून उठतांना त्या जनावराला सारा भार मागल्या पायांवर तोलावयाचा असतो, आणि ते तर आधींच लटपटते. बॅग्बींनीं भोंकें पाडलेली पोलादाची एक लहानशी टोपली बनविली. दोन मणक्यांच्या मध्यें टोपलीहून किंचित् लहान भोंक पाडावयाचें, त्यांतून निघालेला हाडांचा चुरा टोपलींतच भरावयाचा, आणि टोपली ठोकून बसवावयाची. भोंकांतून हाड वाढतें आणि दोन मणक्यांचा एक होतो. १९७९ सालीं या सर्वांनीं मिळून आपले अनुभव छापले. सारेच घोडे बरे होतात असें नाहीं. सुधारणा बहुधा एकदोन पायऱ्यांची होते आणि तिला कांहीं महिने लागतात. पण ज्याच्यासाठीं पूर्वीं बंदुकीची गोळी हाच उपाय होता, त्याला एवढेंही थोडें नव्हे.

पुढें बॅग्बी आणि कुस्लिच या दोघांनीं ती टोपली माणसासाठीं सुधारून घेतली. दोघांच्या नांवांवरून तिला बीएके म्हणतात. १९९६ सालीं अमेरिकन सरकारनें तिला मान्यता दिली ती माणसाच्या कमरेच्या मणक्यांसाठीं. घोड्याच्या मानेंतून निघालेला उपाय माणसाच्या कमरेंत जाऊन बसला.

सिअ‍ॅटल स्लू हा घोडा अमेरिकेंत फार गाजला. १९७५ सालीं, शिंगरू असतांना, तो साडेसतरा हजार डॉलरांस विकला गेला होता, म्हणजे त्या बाजारांत क्षुल्लकच किंमतीस. १९७७ सालीं तेथील तिन्ही मोठ्या शर्यती त्यानें जिंकल्या, आणि तोंवर तो एकदांही हरला नव्हता. उतारवयांत त्याचे मागले पाय डुलूं लागले. तपासणींत मानेच्या मणक्यांचा संधिवात आणि रज्जूवरील दाब दिसून आला. २००० सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, त्याच्या मानेचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली. तींतून उठून तो पुन्हां पैदाशीच्या कामावर आला. २००२ सालीं दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षीं ७ मे रोजीं, केंटकीची मोठी शर्यत जिंकल्यास बरोबर पंचवीस वर्षें झालीं त्या दिवशीं, तो झोंपेंत गेला. या साऱ्या उपचारांत त्याच्या कमरेला कोणीं हात लावला नव्हता.